पराभवाची किंमत

लोकशाहीचे मोठेपण विजेत्याच्या शपथविधीवरून मोजण्याची आपल्याला सवय जडली आहे. वस्तुतः ही परीक्षा द्यावी लागते ती पराभूत पक्षाला. खजिना, लष्कर आणि न्यायालये हाती असताना केवळ मतांची बेरीज कमी भरली म्हणून कोणी सत्ता का सोडावी, या प्रश्नाचे पुरेसे उत्तर राज्यघटनेच्या कलमांत सापडत नाही. अमेरिकेतील १८०० सालची अध्यक्षीय निवडणूक या दृष्टीने पुन्हा अभ्यासण्यासारखी आहे.

फिलाडेल्फिया येथे १७८७ साली घटना तयार करणाऱ्यांनी राजकीय पक्ष गृहीतच धरले नव्हते. प्रत्येक निर्वाचकाने दोन व्यक्तींना मते द्यावीत; बहुमतासह पहिला येईल तो अध्यक्ष आणि दुसरा येईल तो उपाध्यक्ष, अशी त्यांची सरळ योजना होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या निर्विवाद नेतृत्वाखाली ती निभावली. परंतु १७९६ साली जॉन अॅडम्स यांना ७१ आणि टॉमस जेफर्सन यांना ६८ मते पडली, आणि एकमेकांचे प्रतिस्पर्धी अध्यक्ष व उपाध्यक्ष होऊन बसले.

या पक्षभेदाचे मूळ बव्हंशी आर्थिक होते. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी स्वातंत्र्ययुद्धातील राज्यांची कर्जे केंद्राच्या शिरावर घेतली, जुने कर्जरोखे दर्शनी किमतीने मान्य केले आणि १७९१ साली राष्ट्रीय बँक स्थापन केली. सैनिकांकडून ते रोखे कवडीमोलाने विकत घेणाऱ्या सट्टेबाजांचे त्यात उखळ पांढरे झाले. व्हिस्कीवरील कराचा भार मात्र पश्चिमेकडील शेतकऱ्यांवर पडला. व्यापारी व सावकार वर्ग फेडरॅलिस्ट पक्षाकडे, तर शेतकरी आणि दक्षिणेतील मळेवाले जेफर्सन यांच्या रिपब्लिकन पक्षाकडे, अशी स्थूल विभागणी झाली. हा रिपब्लिकन पक्ष म्हणजे आजचा त्या नावाचा पक्ष नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

मतभेदाचे रूपांतर वैरात झाले ते १७९८ च्या राजद्रोह कायद्यामुळे. अध्यक्षांवरील व काँग्रेसवरील निंदात्मक टीका त्याने दंडनीय ठरविली. उपाध्यक्षांना, म्हणजे जेफर्सन यांना, मात्र त्याचे संरक्षण नव्हते! व्हरमाँटचे प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना या कायद्याखाली तुरुंगवास घडला, आणि मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. निवडणूक हरणे म्हणजे तुरुंगाची वाट धरणे, अशी भीती विरोधकांच्या मनात त्यामुळे निर्माण झाली. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर पराभवाची किंमत न परवडण्याइतकी वाढली होती.

१८०० च्या निवडणुकीत अॅडम्स यांना ६५ मते मिळून ते पराभूत झाले. परंतु रिपब्लिकन निर्वाचकांनी शिस्तीने आपली दोन्ही मते पक्षाच्या दोन्ही उमेदवारांना दिल्यामुळे जेफर्सन आणि अॅरन बर यांना समसमान ७३ मते पडली. बर हे उपाध्यक्षपदाचे उमेदवार आहेत हे सर्वांना ठाऊक होते. घटनेला मात्र ते ठाऊक नव्हते. निर्णय मावळत्या प्रतिनिधिगृहाकडे गेला. त्यात फेडरॅलिस्टांचे बहुमत होते. पण प्रत्येक राज्याला एकच मत असल्याने १६ पैकी ९ राज्ये मिळविणे आवश्यक होते.

११ फेब्रुवारी १८०१ रोजी पहिल्या फेरीत जेफर्सन यांना ८ व बर यांना ६ राज्ये मिळाली. दोन राज्यांच्या प्रतिनिधींत समान फूट पडली. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या, कोंडी फुटेना. इकडे व्हर्जिनिया आणि पेनसिल्व्हानियात नागरी सैन्य सज्ज ठेवण्याची भाषा सुरू झाली. अखेर १७ फेब्रुवारीस, छत्तिसाव्या फेरीत, डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड यांनी कोरे मत दिले आणि इतर काही फेडरॅलिस्टही बाजूस झाले. कोंडी फोडणाऱ्या या फेडरॅलिस्टांपैकी कोणीही जेफर्सन यांना मत दिले नाही. मत न देऊनच त्यांनी त्यांना अध्यक्ष केले. व्हरमाँटचे मत जेफर्सन यांच्या पारड्यात टाकण्याचा योग त्याच मॅथ्यू लायन यांना लाभला.

फेडरॅलिस्टांनी माघार का घेतली? सरकारी कर्जाची फेड, आरमार आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या नेमणुका सुरक्षित राहतील असे आश्वासन आपल्याला मिळाले, असे बेयर्ड यांनी पुढे सांगितले. जेफर्सन यांनी असा कोणताही सौदा झाल्याचे नाकारले. सौदा झाला असो वा नसो, घडले ते बोलके आहे. नव्या सरकारने व्हिस्कीवरील कर रद्द केला, पण कर्ज बुडविले नाही, उलट नेटाने फेडले. बँकही तिची सनद १८११ साली संपेपर्यंत चालू राहिली. राजद्रोह कायदा मुदत संपताच लयास गेला. हरलेल्याचे सर्वस्व जाणार नाही, एवढा विश्वास निर्माण झाला, आणि ४ मार्च १८०१ रोजी रक्त न सांडता सत्तांतर झाले.

तथापि या चित्राला एक काळी किनार आहे. मताधिकार नसलेल्या गुलामांची तीन पंचमांश संख्या प्रतिनिधींची आणि निर्वाचकांची संख्या ठरविताना धरली जात असे. ती धरली नसती तर अॅडम्स विजयी झाले असते, असे अनेक अभ्यासकांचे गणित आहे. जिंकलेल्या व हरलेल्या गोऱ्या पुढाऱ्यांनी आपापसात पराभवाची किंमत कमी करून घेतली. ज्यांच्या माणूसपणाचे अपूर्णांक करून ती बेरीज जुळविली गेली, त्यांच्या हानीला मात्र मर्यादा नव्हती.

१८०४ साली बाराव्या घटनादुरुस्तीने अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्यासाठी स्वतंत्र मते ठेवून घटनेतील ते छिद्र बुजविले. परंतु पराभव मान्य करण्याची वृत्ती दुरुस्तीने निर्माण होत नसते. ६ जानेवारी २०२१ रोजी निर्वाचकांच्या मतांची मोजणी रोखण्यासाठी पराभूत अध्यक्षांच्या समर्थकांचा जमाव त्याच कॅपिटॉलवर चालून गेला, तेव्हा घटनेतील नियम पुष्कळ सुस्पष्ट झालेले होते. उणीव नियमांची नव्हती. सत्ता गेली तरी आपण, आपली मते आणि आपली मिळकत शाबूत राहील, अशी खात्री ज्या समाजात दोन्ही बाजूंना वाटते तेथेच निवडणूक हे सत्तांतराचे साधन ठरते. ती खात्री नष्ट करणारा प्रत्येक कायदा आणि प्रत्येक सूडाची घोषणा पुढच्या पराभवाची किंमत वाढवीत असते. आणि आज सत्तेवर असलेल्यालाही ती केव्हातरी चुकवावी लागते.