एकाच डोंगराचे दोन नकाशे

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे रोजच्या बोलण्यातले जीआयएस, ही संगणकावर नकाशे काढण्याची सोय आहे असे बहुतेकांना वाटते. नकाशा हे तिचे शेवटचे फळ असते. खरे काम त्याच्या कितीतरी आधी झालेले असते. वनस्पतिशास्त्रज्ञाकडे दुर्मिळ झाडांची यादी असते, हवामान खात्याकडे पर्जन्यमापकांचे आकडे, भूगर्भशास्त्रज्ञाकडे खडकांच्या नोंदी आणि जनगणना कार्यालयाकडे गावनिहाय लोकसंख्या. या चार वह्या शेजारी ठेवल्या तर त्यांना जोडणारा एकही समान रकाना सापडत नाही. मात्र प्रत्येक नोंद कुठल्या तरी जागेची असते. जीआयएस त्या जागेलाच समान रकाना मानते. अक्षांश-रेखांश जुळले की चार वेगळ्या विषयांची माहिती एकावर एक रचता येते आणि ‘या ठिकाणी काय काय एकत्र आहे?’ हा प्रश्न सगळ्यांना मिळून विचारता येतो.

ही रचना संगणकाच्या आधीपासून होती. नियोजनकार पारदर्शक कागदांवर वेगवेगळे नकाशे काढत, काचेच्या टेबलाखाली दिवा लावून ते एकावर एक ठेवत आणि डोळ्यांनी जुळणी करत. कॅनडाने १९६०च्या दशकात देशभराच्या जमिनीची पाहणी हाती घेतली, तेव्हा एवढे कागद हाताने जुळवायला माणसेच पुरणार नाहीत हे उघड झाले. रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञाने ते काम संगणकाकडे सोपवण्याची योजना मांडली. त्यातून कॅनडाची भौगोलिक माहिती प्रणाली उभी राहिली आणि या विद्येला नावही मिळाले. ‘थर’ हा आजचा शब्द त्या पारदर्शक कागदांचाच वारसा आहे.

थर दोन प्रकारचे असतात. विहीर, रस्ता, गावाची शीव यांसारख्या गोष्टी बिंदू, रेषा किंवा बंदिस्त आकृती म्हणून साठवतात आणि प्रत्येकीमागे माहितीचा तक्ता असतो. उपग्रहचित्र, उंची, तापमान यांसारखी सलग पसरलेली माहिती बारीक चौकोनांच्या जाळीत साठवतात, दर चौकोनाला एक आकडा देऊन. चौकोन केवढा घ्यायचा, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न पुढे किती दूर जातो, ते पश्चिम घाटाच्या उदाहरणात दिसेल.

त्याआधी थर जुळवण्याची कटकट. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी गोळा केलेली माहिती आपसूक एकमेकांवर बसत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा पुणे शहराचा जुना टोपोशीट, क्रमांक ४७ एफ/१४, एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या आकारमानावर बेतलेला आहे. मोबाइलमधली जीपीएस यंत्रणा डब्ल्यूजीएस-८४ हे वेगळे मान वापरते. हा फरक लक्षात न घेता जीपीएसचा बिंदू त्या टोपोशीटवर टाकला तर तो शंभर मीटरच्या आसपास घसरतो. डोंगरउतारावर शंभर मीटर म्हणजे कड्याच्या वर की खाली, एवढा फरक. दुसरी अडचण अगदी घरगुती आहे. राज्यात वडगाव नावाची कितीतरी गावे आहेत, आणि इंग्रजी तक्त्यांत त्याच गावाचे नाव कुठे ‘व्ही’ने सुरू होते, कुठे ‘डब्ल्यू’ने. नावावरून जोडणी केली की एका वडगावचा पाऊस दुसऱ्या वडगावच्या पिकाला चिकटतो. म्हणून अनुभवी माणसे गावाचे नाव बाजूला ठेवून जनगणनेचा गावक्रमांक वापरतात. संशोधनाच्या अहवालात या कामाला एखादे वाक्य मिळते; वेळ मात्र बहुतेक इथेच जातो.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१०मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ गट नेमला. गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत, सुमारे दीड हजार किलोमीटर लांबीच्या आणि या गटाच्या मोजणीनुसार सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या पट्ट्यात कुठला भाग किती संवेदनशील आहे, हे ठरवायचे होते. घाटावर अनेक दशके संशोधन चालू होते, पण ते वेगवेगळ्या संस्थांत आणि वेगवेगळ्या स्वरूपांत विखुरलेले होते. गटाने संपूर्ण प्रदेशावर अक्षांश-रेखांशाच्या पाच-पाच मिनिटांची जाळी टाकली. असा चौकोन साधारण नऊ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद भरतो. पंधरा मिनिटांच्या एका टोपोशीटमध्ये बरोबर नऊ चौकोन बसतात. लहानशा गोव्यासाठी मात्र एक-एक मिनिटाची जाळी वापरली.

मग दर चौकोनाला गुण देणे सुरू झाले. तिथे प्रदेशनिष्ठ वनस्पती किती, धोक्यातल्या सस्तन प्राण्यांची नोंद काय, शोलासारख्या खास सदाहरित परिसंस्थांचा वाटा किती, कमी तुटलेल्या जंगलाचा वाटा किती, नदीकाठची वनराई आहे का, उंची किती, उतार किती. उंची आणि उताराचे आकडे एंडेव्हर या अवकाशयानाने फेब्रुवारी २०००मध्ये अकरा दिवसांत केलेल्या रडार-मोजणीतून आले होते. अमेरिकेने ती माहिती जगाला खुली केली होती, म्हणून सह्याद्रीच्या अभ्यासकांना उताराचा थर नव्याने मोजावा लागला नाही.

दर निकषाचे गुण एकाच मापात आणून त्यांची सरासरी काढली गेली. यात एक बारकावा होता, आणि तो फारसा चर्चेत आला नाही. दक्षिणेकडची जंगले उत्तरेकडच्या जंगलांपेक्षा अधिक दमट आणि प्रजातींनी अधिक समृद्ध आहेत. सगळ्यांना एकाच रांगेत उभे केले असते तर वरचे क्रमांक केरळ-कर्नाटकाने घेतले असते आणि महाराष्ट्राच्या वाट्याला शेपूट आले असते. म्हणून गुणांची तुलना राज्याराज्याच्या आत केली गेली. आंबोलीची स्पर्धा महाराष्ट्रातल्या चौकोनांशी ठेवली गेली, केरळातल्या सायलेंट व्हॅलीशी नव्हे. त्या राज्यातल्या अभयारण्यांत सर्वांत कमी गुण मिळालेल्या चौकोनाइतके तरी गुण मिळाले, तरच अभयारण्याबाहेरचा चौकोन पहिल्या, म्हणजे सर्वांत संवेदनशील, श्रेणीला पात्र धरला जाई. ही पद्धत गटाने अंतिम अहवालाच्या आधीच, जानेवारी २०११मध्ये, ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापली. गुण कसे दिले हे उघड असल्यामुळे ज्यांना निष्कर्ष पटला नाही त्यांनाही नेमक्या पायरीवर बोट ठेवता आले. शास्त्रीय सहकार्य म्हणतात ते यालाच. एकमत होणे ही त्याची अट नाही.

ऑगस्ट २०११चा तो अहवाल वादग्रस्त ठरला. सरकारने ऑगस्ट २०१२मध्ये ‘इस्रो’चे माजी अध्यक्ष के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला. हा गट उपग्रहाच्या बाजूने डोंगराकडे आला. भारतीय दूरसंवेदन उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याच्या चित्रात एक ठिपका जमिनीवरचे २४ मीटर बाय २४ मीटर क्षेत्र दाखवतो, म्हणजे पावणेसहा गुंठ्यांच्या आसपास. गाडगीळ गटाच्या एका चौकोनात असे सुमारे एक लाख चाळीस हजार ठिपके मावतात. दुसऱ्या गटाने घाटाची हद्दही रुंद धरली: सुमारे १,६४,००० चौरस किलोमीटर. त्यातला ५९ टक्के भाग शेती, वस्ती, मळे असा मानवनिर्मित आणि ४१ टक्के नैसर्गिक ठरला. जैविक समृद्धी जास्त, जंगल कमी तुटलेले आणि लोकवस्ती विरळ, अशा कसोट्या लावून शेवटी ३७ टक्के, म्हणजे सुमारे ६०,००० चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील म्हणून पुढे आले. निर्णयाचे एकक होते महसुली गाव. अहवालात अशी ४,१५६ गावे होती.

एकच डोंगररांग, दोन्हीकडे जाणकार माणसे, दोन्हीकडे जीआयएस, आणि नकाशे मात्र वेगळे. पहिल्या गटाने अख्खा घाट संवेदनशील मानून त्याच्या तीन श्रेणी पाडल्या आणि त्या तालुक्यातालुक्यांना लावल्या. दुसऱ्याने नैसर्गिक भाग वेगळा काढून उरलेला सोडून दिला. नऊ किलोमीटरच्या चौकोनात घनदाट जंगल, भातखाचरे, बाजारपेठ आणि खाण एका सरासरीत विरघळतात. ठिपक्याच्या पद्धतीत ती वेगळी दिसतात, पण दोन जंगलांमधली शेती सुटी पडते आणि जनावरांची त्या शेतातून होणारी ये-जा हिशेबाबाहेर जाते. बारीक चित्र नेहमीच अधिक खरे असते, हा समज इथे तपासून घ्यावा लागतो. भूगोलात या अडचणीला नाव आहे, एककबदलाचा प्रश्न: तीच माहिती वेगळ्या सीमांनी कापली की वेगळे उत्तर देते. संगणक यावर तोड काढत नाही. कुठले एकक घ्यायचे हे माणसेच ठरवतात, आणि ते शास्त्राइतकेच धोरणाचेही असते.

काही गोष्टी दोन्ही जाळ्यांतून निसटतात. कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रात ओसाड दिसतात आणि सरकारी वर्गीकरणात ‘पडीक’ म्हणून नोंदले जातात. पावसाळ्यात त्याच सड्यावर जगात इतरत्र न आढळणाऱ्या वनस्पती फुलतात. कास पठार हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. उलट, कोडगूकडचे सावलीतले कॉफीचे मळे वरून दाट जंगलासारखे दिसतात. देवरायांचे दुखणे आणखी निराळे. गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या होत्या. त्यांतल्या कित्येक काही गुंठ्यांच्या आहेत. अशी राई उपग्रहाच्या दोन-चार ठिपक्यांत संपते आणि नऊ किलोमीटरच्या चौकोनात तर तिचा मागमूसही उरत नाही. ती नकाशावर आणायची तर कुणीतरी जीपीएस घेऊन तिच्याभोवती चालावे लागते, आणि हद्द कुठून कुठे हे गुरवाला किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागते.

जागेवर जाऊन पडताळणी करण्याला जीआयएसच्या धंद्यात ‘ग्राउंड ट्रुथिंग’ म्हणतात. केरळने दुसऱ्या अहवालानंतर ती पंचायतींच्या पातळीवर केली. वस्त्या आणि मळे वगळून राज्यातले संवेदनशील क्षेत्र १३,१०८ चौरस किलोमीटरवरून ९,९९३.७ चौरस किलोमीटरवर आणले गेले. हे क्षेत्र कमी करण्यामागे राजकारण होतेच. पण उपग्रहचित्रावरच्या रेषा गावनकाशावर उतरवून पाहण्याची पद्धत त्यामुळे रुळली. मार्च २०१४च्या केंद्रीय अधिसूचनेच्या मसुद्यात सहा राज्यांचे मिळून सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आले. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० आणि गोव्याचे १,४६१. हा मसुदा नंतर पुन्हा पुन्हा काढावा लागला.

अशी पडताळणी बाहेरच्या अभ्यासकालाही करता यावी, तर थर हाती लागायला हवेत. भारतात ही वाट बराच काळ अडलेली होती. किनारपट्टी आणि सीमाभागाचे टोपोशीट निर्बंधित होते, आणि कोकण त्यात सापडत असे. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी वेगळी मालिका सुरू केली, तीही डब्ल्यूजीएस-८४ मानावर, म्हणजे वर सांगितलेली घसरण टळली. फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी देशातल्या संस्थांना नकाशांसाठी आधी परवानगी काढण्याची अट हटवली. जागतिक पातळीवर मोठा बदल २००८मध्ये झाला: अमेरिकेने लँडसॅट उपग्रहांचा १९७२पासूनचा चित्रसंग्रह मोफत केला. क्यूजीआयएससारखी मोफत संगणकप्रणाली सोबतीला आल्यामुळे एखाद्या तालुक्यातल्या महाविद्यालयाचा विद्यार्थीही आपल्या डोंगराची पन्नास वर्षे स्वतः मोजून पाहू शकतो आणि मोठ्या संस्थेच्या नकाशातली चूक दाखवू शकतो.

३० जुलै २०२४ रोजी केरळातल्या वायनाडमध्ये दरडी कोसळल्या, तेव्हा गाडगीळ अहवालात तिथला वैतिरी तालुका पहिल्या श्रेणीत होता, याची आठवण सर्वत्र निघाली. दुसऱ्याच दिवशी केंद्राचा सहावा मसुदा आला. आठवण रास्त होती, पण तो नकाशा दरडींचा नव्हता. त्यात झाडे, प्राणी आणि जंगल यांना मिळून उतारापेक्षा कितीतरी जास्त गुण होते. दरडींसाठी थर वेगळे लागतात: उतार, खडकाची झीज, मातीची जाडी, पाण्याच्या वाटा, रस्त्यासाठी कापलेला डोंगर आणि पूर्वी कोसळलेल्या दरडींच्या नोंदी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४-१५पासून देशातल्या दरडप्रवण भागाचे असे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर तयार करायला घेतले. त्या प्रमाणावर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. आंबेगाव तालुक्यातले माळीण, जिथे ३० जुलै २०१४ रोजी दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली, तेवढे गाव अशा नकाशावर काही मिलिमीटरांत संपते. वस्तीच्या वरचा नेमका कुठला उतार धोक्याचा, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी निवडक भागांचे नकाशे १:१०,००० प्रमाणावर करावे लागतात, आणि ते डोंगर चढूनच होतात.