माडगूळकर वाचताना चित्रं ओलांडू नका



चौथी-पाचवीच्या मुलांना ‘गाय’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगून बघा. गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय, दोन शिंगं नि एक शेपूट असते. सगळ्या वह्यांत हेच सापडेल. आमच्या चकलांब्यात हे लिहिणारं पोर सकाळी शेण उचलून, गाईला वैरण टाकून शाळेत आलेलं असतं. आपली गाय कुणाला जवळ येऊ देते, लाथ कधी झाडते, सगळं त्याला ठाऊक असतं. वहीत त्यातलं काहीच उतरत नाही.

या दुखण्यावर मला उपयोगी पडली ती व्यंकटेश माडगूळकरांची पुस्तकं, आणि खास करून त्यातली चित्रं.

माडगूळकर (१९२७–२००१) हे मोठे लेखक, हे आपण जाणतोच. पण ते चित्रकारही होते, हे वर्गात सांगायचं आपल्याकडून राहून जातं. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातलं माडगूळ हे त्यांचं गाव. मुलूख आपल्यासारखाच, पावसाची वाट बघणारा. पोरवयातच निंबवड्याच्या शाळेत त्यांनी मास्तरकी केली, चित्रकला शिकायला कोल्हापूरला गेले, पुढं पुण्याच्या आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम सांभाळले. आणि हो, १९८३ साली आपल्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मुलांना हे सांगितलं की लेखक एकदम जवळचा वाटू लागतो.

त्यांची बहुतेक पुस्तकं मेहता पब्लिशिंग हाऊसनं पुन्हा छापली आहेत, त्यामुळे शाळेच्या ग्रंथालयासाठी हळूहळू संच जमवता येतो. एकदम सगळी घेण्याइतके पैसे कुठल्या शाळेकडं असतात? आम्ही ‘माणदेशी माणसं’पासून सुरुवात केली. मग ‘बनगरवाडी’, ‘नागझिरा’, ‘सत्तांतर’. घेताना एक करा, दुकानात पानं उलटून आत लेखकाची रेखाचित्रं आहेत का ते बघा. पाठ्यपुस्तकात उतारा येतो तेव्हा शेजारचं चित्र बहुधा दुसऱ्याच कुणाचं असतं. लेखकानं जे पाहून लिहिलं, तेच त्याच्या हातानं काढलेलंही मिळत असेल, तर ते का सोडायचं?

‘नागझिरा’ घ्या. जंगलात राहून, पायी हिंडून, पाहिलं ते टिपून ठेवलेलं पुस्तक. चित्र काढणाऱ्याला जनावराकडं नुसतं बघून भागत नाही. मान किती वळली आहे, कान पुढं आहेत की मागं, वजन कुठल्या पायावर आहे, हे ठरवल्याशिवाय रेघ ओढता येत नाही. हीच सवय त्यांच्या वाक्यांत उतरली, असं माझं मत आहे. विशेषणं कमी, हालचाल जास्त. ‘सत्तांतर’ तर वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या झगड्याची कादंबरी आहे. तिला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लहान मुलांना ती अख्खी देऊ नका, मारामारी बरीच आहे. निवडक पानं आपण वाचून दाखवावीत.

‘बनगरवाडी’ मात्र मी सातवीला दरवर्षी वाचून दाखवतो. तिथंही काही प्रसंग मोठ्यांचे आहेत, ते गाळतो. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, शाळेत पोरं जमवायची त्याची धडपड, गावानं मिळून बांधलेली तालीम, आणि मग दुष्काळ. वाडी उठून जाते. इथं वर्गात आवाज येत नाही. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली माणसं ऊसतोडीला निघतात आणि बाकं रिकामी होतात. काही पोरं आजी-आजोबांपाशी मागं राहतात. मास्तर एकटा का उरला, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

वर्गात काय करायचं? निबंधाआधी दहा मिनिटं चित्र. पाठ्यपुस्तकातलं बघून काढायचं नाही, फळ्यावरचंही नाही. बाहेर जाऊन, समोर उभं राहून. वाकडंतिकडं चालेल, रंग नकोतच. मग विचारायचं: काढताना काय दिसलं, जे आधी दिसलं नव्हतं? तेवढंच लिहा. पालकांनी घरी हे करून घेताना एक पथ्य पाळावं, चित्र सुधारून देऊ नये. पहिले काही दिवस पोरं ‘सर, येत नाही’ म्हणत बसतात. बसू द्यावं.

आईबाप कारखान्याला गेलेल्या एका मुलीनं गेल्या हिवाळ्यात शेळीचं चित्र काढलं. शेळी कमी, कुत्रं जास्त दिसत होती. खाली दोनच वाक्यं होती: ‘आमची शेळी पाण्याचा आधी वास घेते. मग माझ्याकडं बघते, मी हो म्हटलं की पिते.’

शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. त्या मी दुसऱ्या दिवशी दाखवल्या.