घडी चुकलेले प्रथिन

तांबे जिवाला हवे असते, पण बेताने. श्वसनक्रियेतील एका महत्त्वाच्या विकराचे तांब्यावाचून चालत नाही; आणि तेच तांबे पेशीत साचले म्हणजे विष होते. म्हणून क्षुद्र जंतूंनीदेखील आपल्या आवरणात धातू बाहेर फेकणारे पंप बसविलेले आहेत. आपल्या आतड्यात राहणाऱ्या कोलाय जंतूपाशी तांब्यासाठी ‘कॉपए’ आणि जस्त, शिसे व कॅडमियम यांसाठी ‘झेडएनटीए’ असे दोन पंप आहेत.

हा पंप म्हणजे एक प्रथिन. झेडएनटीए हे ७३२ अमिनो आम्लांची एक सलग माळ आहे. पागोटे बांधण्यापूर्वी जसे ते नुसते लांबच लांब कापड असते, तशी ही माळ घडी पडेपर्यंत निरुपयोगी असते. फरक एवढाच, की पागोटे कोणी तरी बांधावे लागते. प्रथिनाच्या घडीची आज्ञा मात्र त्याच्या मण्यांच्या क्रमातच असते. हे ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सन यांनी दाखवून दिले आणि १९७२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पंपाच्या बाबतीत आणखी एक अट असते. पेशीचे आवरण स्निग्ध असते; तेव्हा माळेतील स्निग्धप्रिय भाग त्यात रुतावे लागतात आणि जलप्रिय भाग बाहेर राहावे लागतात.

आता एक मणी बदलला, म्हणजेच उत्परिवर्तन झाले, तर काय होईल? पुष्कळदा काहीच होत नाही. परंतु अनर्थ झालाच, तर तो मुख्यतः दोन तऱ्हांनी होतो. या पंपांत एक अ‍ॅस्पार्टिक आम्ल असे असते, की ते एटीपी या इंधनाकडून फॉस्फेट स्वीकारते. ते बदलले तर घडी ठीक पडूनही पंप बंदच राहतो. उलट, आवरणात रुतणाऱ्या भागात विद्युत्भारित आम्ल आले, तर घडीच विसकटण्याचा संभव असतो. असे बिघडलेले प्रथिन पेशी ठेवून घेत नाही. कोलाय जंतूत एफटीएसएच नावाचे विकर अशांचे तुकडे करते. पहिल्या प्रकारात यंत्र असते पण चालत नाही. दुसऱ्यात यंत्र जागेवर पोचतच नाही. म्हणून संशोधकाला दोन गोष्टी निरनिराळ्या मोजाव्या लागतात: आवरणात प्रथिन किती आहे, आणि ते काम किती करते.

जंतूंच्या या उठाठेवीशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. आपल्या यकृतातही कॉपएचाच एक भाऊबंद आहे, एटीपी७बी. तो बिघडला की तांबे यकृतात व मेंदूत साचते. विल्सन यांनी १९१२ साली वर्णिलेला विकार तो हाच. युरोपातील रुग्णांत वारंवार आढळणाऱ्या एका उत्परिवर्तनात १०६९ व्या जागी हिस्टिडीनऐवजी ग्लुटामीन येते. हे हिस्टिडीन एटीपी धरण्याच्या जागी असते. ते गेले की काम तर मंदावतेच, शिवाय घडीही सैल पडते आणि बरेचसे प्रथिन पेशीच्या कारखान्यातच अडकून पडते. मात्र तापमान उतरविले असता त्यातील काही पुढे सरकते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. म्हणजे घडीला आधार मिळाला, तर काही काम परत मिळू शकेल, अशी आशा धरण्यास जागा आहे.

मानवी पंप हाताळण्यास अवघड. म्हणून २००२ साली हाच बदल झेडएनटीएमध्ये करून तपासण्यात आला. पुढे २०११ साली लेजिओनेला जंतूच्या कॉपएची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली, आणि रुग्णांतील अनेक बदल पंपात नेमके कोठे पडतात हे त्या नकाशावर पाहता आले.

घडी सुधारणारे औषध अद्याप नेहमीच्या उपचारात आलेले नाही. परंतु तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामीन आणि ते आतड्यातच अडविणारे जस्ताचे क्षार उपलब्ध आहेत. वेळीच सुरू केले तर ते आयुष्य वाचवितात. हा विकार आईबाप दोघांकडून सदोष जनुक आल्यानेच होतो. म्हणून घरातील एका मुलाला तो निघाला, तर वरवर ठणठणीत दिसणाऱ्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याचा संभव चारात एक असतो. त्यांची तपासणी लक्षणे दिसण्याची वाट न पाहता करून घ्यावी.