सॉफ्टवेअरची शीव कोणीं आंखावी?

घर बांधावयास काढलें म्हणजे घरमालक आणि गवंडी यांचें पहिलें बोलणें होतें तें खोल्यांविषयीं. माजघर एवढें, स्वयंपाकघर तेवढें, पुढें ओटी. नकाशा कागदावर उतरतो, दर ठरतो, पायाहि खणला जातो. पुढें घरांत राहावयास आल्यावर गृहिणी विचारते, "पावसाळ्यांत ओले कपडे वाळत घालावयाचे कोठें?" आणि दोघेहि निरुत्तर होतात. नकाशांत खोल्या सर्व होत्या. त्या घरांत रोज व्हावयाचीं कामें मात्र कोणीं मांडलीं नव्हतीं.

सॉफ्टवेअर तयार करवितांना हीच चूक वारंवार घडते. अशा कामांत काय करावयाचें आणि काय करावयाचें नाहीं याची जी मर्यादा आरंभींच ठरवावी लागते, तिला कामाची व्याप्ति म्हणतात. ती बहुधा पडद्यांची, तक्त्यांची आणि बटणांची यादी करून ठरविली जाते. ही यादी बांधणाऱ्याच्या सोयीची खरी. परंतु वापरणाऱ्याला यादीशीं कर्तव्य नसतें. त्याला आपलें एक काम आरंभापासून शेवटपर्यंत पार पाडावयाचें असतें. म्हणून व्याप्तीची शीव त्याच्या कामावरून आंखली पाहिजे.

याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतील ई-पीक पाहणी हें होय. सात-बारा हा शब्द शहरांतील घरांतूनहि परिचित आहे. त्यांत दोन नमुने एकत्र आलेले असतात. गांव नमुना ७ मध्यें जमीन कोणाची व तिजवर कोणाचे कोणते हक्क, हें लिहिलेलें असतें. गांव नमुना १२ मध्यें त्या जमिनींत कोणतें पीक किती क्षेत्रावर आहे, हें. पीककर्ज काढावयाचें असो, हमीभावाच्या खरेदीला माल न्यावयाचा असो, अथवा अतिवृष्टीनंतर मदत मागावयाची असो, बाराव्या नमुन्यांतील ती एक ओळ विचारली जाते. पूर्वीं ती तलाठी लिहीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाइलवरील अॅपमधून शेतकऱ्यानेंच ती नोंदवावी, अशी योजना सुरू झाली.

आतां यवतमाळ जिल्ह्यांतील बाभुळगांव तालुक्यांतलें एखादें शेत डोळ्यांपुढें आणावें. शेतांत कपाशी आहे आणि कपाशीच्या कांहीं ओळींनंतर एक ओळ तुरीची, ही या भागाची जुनीच रीत. या शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्व कामाची व्याप्ति एका वाक्यांत मावते: 'खातेदार शेतकरी आपल्या शेतांत उभा राहून त्या हंगामाचें उभें पीक स्वतः नोंदवितो, आणि ती नोंद त्याच्या सात-बाऱ्यावर चढते.' हें वाक्य साधें दिसतें. पण त्यांतील एकेक शब्द दाबून पाहिला म्हणजे खरें काम किती आहे हें कळतें.

'खातेदार शेतकरी' म्हटलें कीं पहिला प्रश्न असा, कीं ज्याच्याजवळ तसा मोबाइलच नाहीं त्यानें काय करावें? फोनचा मालक आणि जमिनीचा मालक एकच, असें धरून चालतां येत नाहीं. म्हणून एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय ठेवावी लागली. 'शेतांत उभा राहून' या शब्दांनीं दुसरी अडचण पुढें येते: शिवारांत संदेशलहरी मिळतीलच असें नाहीं. तेव्हां छायाचित्र शेतांत काढावें व माहिती गांवांत येऊन पाठवावी, ही सवड आवश्यक ठरते. शिवाय छायाचित्र खरोखर त्याच शेतांतलें आहे काय, हाहि प्रश्न राहतो. २०२२ सालच्या सुधारलेल्या आवृत्तींत शेताच्या मध्यबिंदूपासून आपण किती अंतरावर उभे आहोंत, हें दाखविण्यांत येऊं लागलें.

'उभें पीक' हे शब्द तर सर्वांत महत्त्वाचे. कार्यालयांत बसलेल्या माणसाला एका शेतांत एक पीक हीच मांडणी सुटसुटीत वाटते. ती पत्करली तर बाभुळगांवच्या शेतांतील तूर जमिनींत उभी असूनहि कागदावरून नाहींशी होईल, आणि ती विकावयास नेतांना शेतकऱ्याजवळ दाखला उरणार नाहीं. त्याच २०२२ च्या आवृत्तींत मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकें नोंदविण्याची सोय झाली. 'स्वतः' या शब्दांत चूक होण्याचा संभव आलाच. म्हणून ४८ तासांच्या आंत एकदां दुरुस्ती करण्याची मुभा, आणि किमान दहा टक्के नोंदींची तलाठ्याकडून तपासणी. आणि काम संपतें तें बटण दाबल्यावर नव्हे, तर नोंद 'सात-बाऱ्यावर चढते' तेव्हां. गांवांतील सर्व नोंदी अॅपमध्यें पाहावयास मिळूं लागल्या, त्याचें मोल येथें आहे.

शिवेच्या आंत काय, हें जितकें स्पष्ट हवें तितकेंच बाहेर काय, हेंहि. आणि तें वापरणाऱ्याच्याच भाषेंत. पीक नोंदविलें म्हणजे विमा उतरला असें नव्हे. विम्याचा अर्ज निराळा असतो. नुकसान झाल्यास पंचनामाहि निराळा. वहिवाटीचा तंटा या नोंदीनें मिटत नाहीं. हें कोणीं आधीं सांगितलें नाहीं, तर शेतकरी निर्धास्त राहतो आणि गारपिटीनंतर त्याला कळतें कीं आपण समजत होतों तें झालेंच नव्हतें. यंत्र निर्दोष चालत असतांहि माणूस नाडला जातो तो असा.

वापरणारा एकटा शेतकरीच नसतो. तपासणी करणारा तलाठी, ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तोहि एक वापरणारा. त्याचें वाक्य निराळें लिहावें लागतें. मागाहून नवी मागणी आली तर ती यांपैकीं कोणत्या वाक्यांत बसते, हें प्रथम पाहावें. कोणत्याच वाक्यांत बसत नसेल तर तें नवें काम होय. त्याला निराळा वेळ व निराळा खर्च धरावा.

तेव्हां शाळेसाठीं असो, पतपेढीसाठीं असो कीं गृहनिर्माण संस्थेसाठीं, सॉफ्टवेअर करवून घेणारानें प्रथम एवढेंच लिहावें: कोण, कोठें उभा राहून, कोणतें काम करणार, आणि तें पुरें झालें हें त्याला कशावरून कळणार. मग तें वाक्य त्या माणसाला वाचून दाखवावें. "यांत आमची तूर कोठें आहे?" असें त्यानें विचारलें, तर तो प्रश्न काम सुरू होण्यापूर्वींच आला, याचें समाधान मानावें. त्या वेळीं दुरुस्तीला कागदावरची एक ओळ पुरते.