बिघाड नातवाचा, तपास आजोबाचा

पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहू लागलं, की भामरागड गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. आलापल्लीकडे जाणारा रस्ता बंद, मोबाइलच्या रेंजचाही भरवसा नाही. अशा दिवसांत तिथल्या एखाद्या कार्यालयातला लिनक्सवर चालणारा संगणक अडला, तर दुरुस्तीला माणूस येणार नाही आणि नेटवर उत्तरही शोधता येणार नाही. तेव्हा उपयोगी पडतं ते संगणकात आधीच बसवून ठेवलेलं, नेट न लागणारं एक औजार. त्याचं नाव एसट्रेस.

कुठलाही प्रोग्रॅम डिस्कला थेट हात लावत नाही. फाइल उघडायची, वाचायची, दुसरा प्रोग्रॅम सुरू करायचा, तर त्याला कर्नेलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, रीतसर मागणी करावी लागते. ही मागणी म्हणजे सिस्टिम कॉल. एसट्रेस अशी प्रत्येक मागणी आणि तिला मिळालेलं उत्तर ओळीने लिहून दाखवतं. पॉल क्रॅननबर्ग यांनी ते 1991 मध्ये सनओएस या कार्यप्रणालीसाठी लिहिलं, नंतर ते लिनक्सवर आलं.

समजा, रोजच्या नोंदींचा बॅकअप घेणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती फाइली एकत्र बांधणाऱ्या ‘टार’ला बोलावते आणि टार फाइली आवळण्यासाठी ‘जीझिप’ला बोलावतो. एके दिवशी बॅकअप होत नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने चुकांचे संदेश दडवून ठेवले असल्याने पडद्यावर काहीच उमटत नाही. नुसतं एसट्रेस लावलं, तर एवढंच कळतं की स्क्रिप्टने एक नवी प्रोसेस (म्हणजे चालता प्रोग्रॅम) जन्माला घातली आणि ‘वेट4’ या कॉलवर तिची वाट पाहत बसली. खरी भानगड पुढच्या पिढ्यांत आहे आणि एसट्रेस पहिल्या पिढीवरच थांबलं आहे.

लिनक्स ज्या युनिक्स घराण्यातलं आहे, तिथे कामं अशीच वाटली जातात. प्रोसेस ‘फोर्क’ने स्वतःची प्रत काढते. मूळ प्रोसेसला उत्तरात अपत्याचा क्रमांक मिळतो, अपत्याला शून्य. मग अपत्य ‘एक्झेकव्हीई’ कॉल करून नव्या प्रोग्रॅमचं रूप घेतं. म्हणूनच एसट्रेसला ‘-एफ’ हा पर्याय जोडायचा. मग ते मुलांच्या, नातवंडांच्याही मागे जातं. प्रत्येक ओळीआधी प्रोसेसचा क्रमांक येतो, आणि एका ओळीत दिसतं: ‘पीआयडी 4822’ने जीझिप चालवायला मागितलं, उत्तर ‘ईएनओईएनटी’, म्हणजे अशी फाइलच नाही. जीझिप त्या संगणकावरून कधीतरी उडालं होतं. टारचा दोष नाही, स्क्रिप्टचाही नाही.

ही पाळत शक्य होते कर्नेलच्या ‘पीट्रेस’ सुविधेमुळे. अपत्य जन्मताच कर्नेल त्याला थांबवून धरतं आणि एसट्रेसच्या हवाली करतं, त्यामुळे त्याची पहिली मागणीही निसटत नाही. अपत्याला जन्मताच धरण्याची ही सोय लिनक्सच्या 2.5.46 या आवृत्तीत, 2002 मध्ये आली. त्याआधी अपत्याला वेळेत गाठण्यासाठी एसट्रेसला बऱ्याच खटपटी कराव्या लागत.

मात्र हे फुकट होत नाही. प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी, असं दोनदा प्रोसेसला थांबवलं जातं, त्यामुळे काम चांगलंच मंदावतं. बऱ्याच प्रोसेस एकाच वेळी चालत असल्या, की ओळींची सरमिसळ होते. एकीचा कॉल अर्धवट राहतो, मध्येच दुसरीची ओळ घुसते. यावर उपाय ‘-एफएफ’ आणि ‘-ओ’ एकत्र वापरण्याचा. मग प्रत्येक प्रोसेसची वेगळी फाइल तयार होते. फक्त ‘एक्झेकव्हीई’ दाखव असं सांगितलं, तर कोणत्या प्रोसेसने कोणता प्रोग्रॅम चालवायला घेतला याची यादीच हाती येते. बहुतेक वेळा बिघाड पकडायला तेवढी पुरते.

एक सावधगिरी मात्र पाळा. एसट्रेस वाचल्या-लिहिल्या जाणाऱ्या मजकुराचा सुरुवातीचा तुकडाही छापतं आणि त्यात पासवर्ड असू शकतो. रस्ता उघडल्यावर ती नोंद मदतीसाठी कुणाला पाठवायची असेल, तर आधी स्वतः डोळ्यांखालून घाला. आणि जिथे पावसाळ्यात वाट बंद होते, तिथल्या संगणकांवर एसट्रेस उन्हाळ्यातच बसवून ठेवा.