‘लांब’ म्हणजे नेमकं किती?

सुट्टी लागली की मुलांचा एकच धोशा, ‘आता आम्ही काय करू?’ मोबाइल काढून घ्यायचा तर त्याच्या बदल्यात हातात काहीतरी द्यायला हवं ना! सापशिडी दोन दिवसांत जुनी होते, व्यापारात हमखास भांडणं होतात. मग मैत्रिणींनो, या सुट्टीत एक मोठं काम काढा. जमिनीवर पसरायचा महाराष्ट्राचा भलामोठा नकाशा घरीच तयार करा आणि त्याच्याभोवती बसून सगळ्या घरानं प्रवासाचा खेळ खेळा.

कल्पना तशी जुनी आहे. लंडनच्या जॉन जेफ्रीज यांनी १७५९ मध्ये युरोपच्या नकाशावर खेळायचा पट छापला होता. अलीकडे, २००४ मध्ये, अॅलन मून यांचा ‘तिकीट टू राइड’ हा रेल्वेमार्गांचा खेळ आला आणि २०११ मध्ये त्याचा भारताचा पटही निघाला. पण विकतच्या पटावर मोठमोठी शहरंच असायची. आपला तालुका, मामाचं गाव, आत्याचं सासर त्यावर कुठून येणार? ते आपणच मांडायला हवं.

शिवाय यात आणखी एक गोष्ट आहे. मुलीबाळींना आपल्याकडे एक शब्द फार ऐकावा लागतो, ‘लांब’. कॉलेज चांगलं आहे, पण लांब आहे. नोकरी चांगली आहे, पण लांब आहे. माहेरी जायचंय, पण लांब पडतं. या ‘लांब’ला किलोमीटर नसतात, तास नसतात, त्यामुळे त्याच्याशी वादही घालता येत नाही. नकाशावर मात्र ‘लांब’ मोजता येतं.

आता कृती. आपला महाराष्ट्र पूर्व-पश्चिम सुमारे ८०० किलोमीटर आणि उत्तर-दक्षिण सुमारे ७२० किलोमीटर आहे. एक सेंटिमीटर म्हणजे पाच किलोमीटर असं प्रमाण धरलं, तर नकाशा १६० बाय १४४ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे साधारण सव्वापाच फूट बाय पावणेपाच फूट. ए-फोर कागद आडवे लावले तर एका ओळीत सहा आणि अशा आठ ओळी, एकूण ४८ कागद.

चांगला स्पष्ट नकाशा घ्या. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर छपाईच्या वेळी ‘पोस्टर’ हा पर्याय असतो. तो एकाच चित्राचे तुकडे करून वेगवेगळ्या कागदांवर छापतो. दोन कागद एकमेकांवर चढवायला एक सेंटिमीटर जागा ठेवायला सांगा. आणि हो, सगळे ४८ कागद एकदम काढू नका! आधी एक छापा, त्यावर दोन ओळखीच्या गावांमधलं अंतर पट्टीनं मोजा, ते प्रमाणात बसलं की मगच बाकीचे. छपाई लेझरची घ्या. शाईच्या प्रिंटरचा रंग खळ लागली की पसरतो. काळीपांढरी छपाई घेऊन जिल्हे मुलांकडून रंगवून घेतले तर खर्चही वाचतो आणि दोन दुपारीही जातात.

प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलनं क्रमांक घाला. समास फक्त उजवीकडचा आणि खालचा कापा, डावीकडचा आणि वरचा चिकटवायला राहू द्या. आधी आडव्या ओळी जोडा, मग ओळीला ओळ. खाली जुन्या सुती साडीचा किंवा मांजरपाटाचा तुकडा ताणून घ्या आणि मैद्याची पातळ खळ लावून मधून कडेकडे हात फिरवत कागद बसवा. बुक बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असतं. मुलांच्या खेळात ते नकोच. नकाशा रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. घडी घालू नका, घडीवर कागद फाटतो. कापड दुकानातून ताग्याची पुठ्ठ्याची नळी मागून आणा आणि तिच्यावर गुंडाळून ठेवा.

नकाशा जुना असेल तर नावं तपासून घ्या. २०१४ मध्ये पालघर झाल्यापासून जिल्हे ३६ आहेत. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावंही हवीत. मग आपल्या गोतावळ्याची गावं लाल ठिपक्यानं दाखवा. हे काम आजीला द्या. कोणाचं सासर कुठे, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार!

आता रस्ते. दर २५ किलोमीटरला एक ठिपका. सोलापूर ते पुणे सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे दहा ठिपके. नागपूरहून निघणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, म्हणजे अठ्ठावीस. घाटात रस्ता वळणं घेतो, म्हणून तिथले ठिपके जवळजवळ येतात. घाटात एसटी हळू का चालते, हे मुलांना न सांगता कळतं.

खेळ सोपा आहे. प्रत्येकानं पाच गावांच्या चिठ्ठ्या उचलायच्या, फासा टाकत पाचही गावं करायची आणि घरी परतायचं. घाटात फाशाचं दान निम्मं. ‘कुंभार्ली घाटात दरड कोसळली, एक डाव थांबा’, ‘आषाढीची गर्दी, दोन घरं मागे’ अशी पत्तेवजा कार्डं मुलांनाच लिहू द्या. सगळ्यांना सारखे पैसे द्या आणि दर ठिपक्याला भाडं घ्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, तेव्हा खेळातही मुलींना, आईला आणि आजीला निम्मंच भाडं! मुलगे कुरकुरतील, कुरकुरू द्या.

चार डाव झाले की गंमत बघा. ‘कराडहून चिपळूणला कसं जायचं?’ असं विचारलं तर मुलगी घाटाच्या नावासकट सांगते. गाडी कुठे बदलायची, वाटेत मोठं गाव कुठलं लागतं, हे तिला पाठ झालेलं असतं. वाट माहीत असली की भीती निम्मी होते, तिची आणि आपलीही. घरातून सोडायचं की नाही, हा निर्णय काही नकाशा घेत नाही. पण बोलणं ‘लांब आहे’ या शब्दावर संपत नाही. दहा ठिपके, पाच-सहा तास, सकाळची गाडी धरली तर दुपारपर्यंत मुक्कामी, इथपर्यंत तरी येतं.

आणि हे फक्त मुलींसाठी नाही बरं का! आपल्या माहेराचे ठिपकेही एकदा मोजून बघा. वर्षानुवर्षं ‘लांब पडतं’ म्हणून राहून गेलेली वाट कदाचित सहाच ठिपक्यांची निघेल.