जुन्या तळ्याची पाळू

मृगाच्या सरी पडून गेल्या म्हणजे गांवाबाहेरील पाझर तलाव पाहावयास जाणें हा आमच्या विद्यार्थ्यांचा मोठा आवडता उद्योग आहे. पाळूवर चढावें, पाण्यांत खडे मारावे, सांडव्यावरून पाणी केव्हां पडेल याची पैज लावावी आणि चिखलानें माखलेल्या पायांनीं दिवेलागणीस घरीं परतावें. गतवर्षीं आम्हीं इयत्ता नववीच्या मुलांना उमरीजवळच्या अशाच एका तळ्यावर नेलें असतां एका मुलानें विचारिलें, "गुरुजी, ही पाळू अजून किती वर्षें टिकेल?" प्रश्न साधा होता, पण उत्तर देतांना आम्ही अडखळलों, कारण त्या मुलाचें घर त्याच पाळूच्या खालच्या अंगास, नाल्याच्या कांठीं आहे. त्या दिवशीं अपुरें राहिलेलें उत्तर येथें देत आहों. हें पालकांनींही वाचावें अशी विनंति आहे.

मराठवाड्यांतील असे अनेक तलाव 1972 च्या दुष्काळांत व पुढें रोजगार हमीच्या कामांवर बांधले गेले. तुमच्यापैकीं कित्येकांच्या आजोबांनीं आणि आज्यांनीं डोकीवरून माती वाहून हीं कामें केलीं असतील. घरीं विचारून पाहा. नाल्याचा लोंढा अडवावा, त्याचें पाणी सावकाश जमिनींत मुरवावें व खालच्या विहिरींस झरे फुटावे, हा त्यांचा हेतु. त्यांतील पुष्कळांचें वय आतां पन्नाशीच्या पुढें गेलें आहे.

तथापि केवळ वयावरून पाळूची योग्यता ठरत नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत कंधार येथें जगत्तुंग समुद्र नांवाचा राष्ट्रकूटकालीन तलाव आहे. त्याच्यापुढें पन्नास वर्षें म्हणजे कालचीं. उलट, रत्नागिरी जिल्ह्यांत चिपळूण तालुक्यांतील तिवरे येथील धरण जेमतेम दोन दशकांचें होतें, आणि तें 2 जुलै 2019 च्या रात्रीं फुटून भेंदवाडी नांवाच्या वस्तींतील घरें वाहून गेलीं व वीसांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां धरणाचें वय विचारण्याआधीं त्याची प्रकृति विचारावी हें बरें.

पाळू म्हणजे मातीचा नुसता ढीग नव्हे. तिच्या पोटांत चिकण काळ्या मातीचा गाभा असतो; पाणी अडविण्याचें काम तो करितो. त्याच्या दोन्ही अंगांस मुरुमाचें आवरण असतें. तें गाभ्यास आधार देतें. लाटांनीं माती झिजूं नये म्हणून पाण्याच्या बाजूस दगडांचें अस्तर बसवितात. कामावरची मंडळी त्यास पिचिंग म्हणतात. पाळूच्या एका टोकास, तिच्या माथ्याहून खालच्या पातळीवर, सांडवा ठेवितात, म्हणजे जास्तीचें पाणी माथ्यापर्यंत चढण्यापूर्वींच बाजूनें निघून जातें. या सर्वांत अगदीं गरिबासारखा दिसणारा हा सांडवाच पाळूचा खरा रक्षक होय. मातीची पाळू आपल्या डोक्यावरून वाहणारें पाणी सहन करूं शकत नाहीं. एकदां पाणी वरून वाहूं लागलें कीं खालच्या उतारावरील माती धुपते, घळ पडते, आणि घळ मागें सरकत सरकत माथा कापून टाकते. हें सर्व एखाद्या रात्रींत आटोपतें.

आतां सांडव्याची आपण काय अवस्था करितों तें पाहा. कोणी त्याच्या वाटेंत शेत वाढवितो, कोणी बाभळी वाढूं देतो, आणि कित्येक ठिकाणीं तर आणखी हातभर पाणी सांठावें म्हणून गांवकरी सांडव्याच्या तोंडाशीं दगडमाती रचून ठेवितात. पाण्याचा लोभ आम्हांस समजतो. मे महिन्यांत घागरभर पाण्यासाठीं वणवण केलेल्या माणसास वाहून जाणारें पाणी पाहवत नाहीं. पण पुरासाठीं राखून ठेविलेली जागा अशा रीतीनें भरून टाकली, व तळांत वर्षानुवर्षें गाळही सांचत गेला, म्हणजे लोंढा येईल तेव्हां त्यानें जावें कोठें?

याचा मोठा दाखला हैदराबादचा आहे. आपला हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानांत होता, म्हणून ती हकीकत आपल्याच घरची समजावयास हरकत नाहीं. 28 सप्टेंबर 1908 रोजीं मुसी नदीस महापूर आला आणि हैदराबाद शहरांत हजारों माणसें बुडालीं. पुढील वर्षीं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस तेथें बोलावण्यांत आलें. त्यांच्या पाहणींत असें आढळलें कीं, शहराच्या वरच्या पाणलोटांत लहानमोठीं 788 तळीं होतीं व त्यांपैकीं 221 तळीं त्या पावसांत फुटलीं. वरचें तळें फुटलें कीं त्याचें पाणी खालच्या तळ्यावर आदळावयाचें, तें फुटलें कीं दोहोंचें मिळून तिसऱ्यावर. खेड्यांतील पाळूंचा राजधानीशीं असा संबंध असतो! पुढें विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानें पूर थोपविण्याकरितां शहराच्या वर दोन मोठे जलाशय झाले, 1920 मध्यें उस्मानसागर आणि 1927 मध्यें हिमायतसागर. ते आजही उभे आहेत.

पाळू फुटण्याची दुसरी तऱ्हा अधिक फसवी आहे, कारण ती आंतून चालते. पाण्याचा दाब त्याच्या विस्तारावर नव्हे, खोलीवर अवलंबून असतो. तळाशीं 8 मीटर पाणी असेल तर तेथील प्रत्येक चौरस मीटरवर 8 टन भार पडतो. हा भार पाण्यास गाभ्यांतून पलीकडे ढकलीत असतो. थोडा पाझर सर्वच मातीच्या पाळूंस असतो, व तो पायथ्याशीं स्वच्छ येत असेल तर भय नाहीं. पण तोच पाझर गढूळ येऊं लागला म्हणजे समजावें कीं पाणी पाळूच्या पोटांतील माती घेऊन बाहेर पडत आहे. आंत सुतासारखी वाट पडते, तिची नळी होते, नळीची भगदाड होते, आणि वरची पाळू खालीं बसते. म्हणून पायथ्याच्या पाण्याचें भांडें भरून तें थोडा वेळ स्थिर ठेवावें. तळाशीं माती बसते कीं काय हें लहान मूलही सांगेल.

अशी वाट कशानें पडते? घुशी, उंदीर व साळिंदरें बिळें करितात. पाळूवर झाडें वाढलीं तर त्यांचीं मुळें खोल जातात, व झाड वाळल्यावर कुजलेल्या मुळाच्या जागीं पोकळी राहते. आपल्या काळ्या मातीचा आणखी एक गुण आहे. ती भिजली कीं फुगते आणि वाळली कीं भेगाळते. दुष्काळांत तळें कोरडें पडलें, पाळूस भेगा गेल्या, आणि त्यानंतर एकाच रात्रींत तें तुडुंब भरलें, तर तो प्रसंग मोठा जोखमीचा असतो. तिवऱ्याचें धरण फुटल्यावर खेकड्यांनीं तें पोखरलें असें त्या वेळच्या एका मंत्र्यांनीं सांगितलें होतें. खेकडे बिळें करितात हें खरें. परंतु धरण गळत असल्याच्या तक्रारी गांवकऱ्यांनीं आधींच केल्या होत्या, आणि त्या वाचण्याचें काम खेकड्यांकडे नव्हतें.

2021 सालीं संसदेनें धरण सुरक्षा कायदा केला. त्या अन्वयें प्रत्येक धरणाची पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर तपासणी झाली पाहिजे. हें उत्तम झालें. पण हा कायदा 15 मीटरांहून उंच धरणांस, आणि कांहीं अटींवर 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांस लागू आहे. त्याहून ठेंगण्या तळ्यांस तो लागत नाहीं. गांवोगांवचे पुष्कळसे पाझर तलाव असे ठेंगणेच आहेत, आणि ठेंगण्या पाळूखालीं राहणारा माणूस कांहीं कमी बुडतो असें नाहीं.

म्हणून त्या भेटीनंतर आम्हीं वर्गांत एक वही घातली आहे. पावसाळ्यांत दर शनिवारीं चार मुलें एका शिक्षकासह पाळूच्या खालच्या अंगानें चालत जातात. पाणी चढलेलें असेल तर जात नाहींत. सांडव्यांत काय पडलें आहे, माथा कोठें खचला आहे, ओल कोठें आहे, हें तीं तारखेसह लिहितात. श्रावणांत पायथ्याशीं एक ओलसर जागा दिसली, तिच्या कडेस त्यांनीं खुंटी ठोकली. दसऱ्याच्या सुटीपूर्वीं पाहिलें तों ओल खुंटीच्या तीन हात पुढें आली होती. पाणी मात्र स्वच्छ होतें. वहीच्या त्या पानाची नक्कल ग्रामपंचायतीस व तहसील कचेरींत दिली असून पोंच घेऊन ठेविली आहे. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलानें दुसरी खुंटी नव्या कडेस ठोकली आहे, आणि शनिवारची पाळी आपल्यासच मिळावी असा त्याचा आग्रह आहे.